दोन स्वर, एक सूर

इटालियन भाषेत 'मारे आपेर्तो' म्हणजे खुला समुद्र. कागदावर मोजली तर या दोन शब्दांची अक्षरे पाच भरतात : मा, रे, आ, पेर आणि तो. परंतु एखाद्या इटालियन संगीतकाराने हेच शब्द चालीत बसवले, तर बहुतेक वेळा तो त्यांना चारच सूर देईल. 'रे'मधला ए आणि पुढच्या शब्दाच्या आरंभीचा आ हे दोन्ही एकाच सुरावर उच्चारले जातात. इटालियन गायकाला हे कोणी शिकवावे लागत नाही, कारण बोलतानाही तो ते दोन स्वर असेच मिसळून बोलतो. संगणकाला मात्र हे कोणी तरी सांगावे लागते. ते सांगायचे राहिले की 'आ' पुढच्या सुरावर जातो, 'पेर' त्याच्या पुढच्या सुरावर, आणि ओळीच्या शेवटी 'तो' हे अक्षर सूर न मिळाल्यामुळे लोंबकळत राहते किंवा पुढच्या ओळीत घुसते. तिथून पुढची सगळी अक्षरे एकेका घराने सरकतात. चाळीस जणांच्या गायकवृंदाच्या हाती असा छापील कागद पडला, तर तालमीचा पहिला अर्धा तास कुठे जाणार, हे वेगळे सांगायला नको.

(मराठीत 'स्वर' हा शब्द व्याकरणातही आहे आणि संगीतातही. येथे घोटाळा नको म्हणून व्याकरणातला तो स्वर आणि संगीतातला तो सूर, असा भेद पुढे पाळला आहे.)

दोन शब्दांच्या सांध्यावरील स्वरांच्या या मीलनाला इटालियन छंदशास्त्रात 'सिनालेफे' म्हणतात. मूळ शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ मिसळून टाकणे असा आहे. त्याच्या शेजारचाच पण निराळा प्रकार म्हणजे स्वरलोप. 'लो' आणि 'आमोरे' हे शब्द जवळ आले की 'लो'तला ओ नाहीसा होतो आणि त्याच्या जागी लोपचिन्ह देऊन 'ल'आमोरे' असे लिहितात. येथे स्वर लिहिण्यातूनही जातो आणि उच्चारातूनही, म्हणून स्वरलेखन करणाऱ्याला काहीच अडचण येत नाही. सिनालेफेत तसे होत नाही. दोन्ही स्वर लिहिले जातात, दोन्ही उच्चारले जातात, दोन शब्दांमधली मोकळी जागाही कायम राहते, फक्त मोजताना त्यांचे अक्षर एकच धरतात. आपल्याकडे सूर्य आणि उदय जवळ आले की 'सूर्योदय' होतो आणि संधी लिहिण्यातच उमटतो. इटालियन लेखनात या संधीची कोणतीही खूण नसते. तो केवळ जिभेवर असतो.

हा हिशेब इटालियन कवितेच्या मुळाशीच आहे. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'च्या १४,२३३ ओळी अकरा अक्षरी वृत्तात आहेत आणि सिनालेफे न धरता त्या मोजायला बसले, तर असंख्य ओळी बारा-तेरा अक्षरांच्या भरतील. ऑपेराच्या संहिताकारांनी सात-आठ अक्षरांच्या आटोपशीर ओळी पसंत केल्या, पण मोजण्याची रीत तीच ठेवली. स्पॅनिश कवितेतही हाच नियम चालतो. कधी कधी दोन शब्दांच्या मधे 'आणि' या अर्थाचा 'ए' एवढाच एकाक्षरी शब्द येतो आणि मग एका सुराखाली दोन नव्हे, तीन स्वर दाटीवाटीने उभे राहतात.

हा नियम अपवादाशिवायचा असता, तर प्रश्न सोपा होता. संगणकाला एवढेच शिकवायचे की शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर आला की दोघांना जोडून टाक. परंतु कवी कधी कधी हे स्वर मुद्दाम वेगळे ठेवतो. त्याला 'दियालेफे' असे नाव आहे आणि दान्तेच्या काव्यात त्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. त्यावर संगीतकाराची मर्जी वेगळीच. कवीने एक धरलेल्या स्वरजोडीला तो दोन सूर देऊ शकतो. शब्दावर जोर हवा असेल, मधे श्वास घ्यायचा असेल किंवा पहिले वाक्य तिथे संपत असेल, तर तो तसे करतोही. म्हणजे जोडायचे की नाही, हा निर्णय शब्दकोशात नसतो, तो त्या विशिष्ट कृतीत असतो. स्वरलेखकाने मूळ हस्तलिखितातील सूर मोजूनच तो करायचा असतो.

जुन्या काळी हे काम धातूच्या पत्र्यावर होत असे. स्वरमुद्रण करणारे कारागीर मऊ धातूच्या पत्र्यावर पोलादी ठशांनी सूर आणि अक्षरे ठोकीत, तीही आरशातल्यासारखी उलटी. आज या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींना इंग्रजीत अजूनही 'कोरण्या'च्या प्रणाली म्हणतात, ते या कारागिरांच्या स्मृतीने. इटालियन वाचकांसाठी छापलेल्या जुन्या आवृत्त्यांत सिनालेफेला पुष्कळदा खास चिन्ह नसे. एका सुराखाली दोन अक्षरे जवळजवळ छापली की काम भागे. वाचणारा इटालियन असला की त्याला तेवढे पुरते. पण तेच पान इटालियन न जाणणाऱ्या गायकाच्या हाती गेले की ती जवळ-जवळ छापलेली अक्षरे एकत्र म्हणायची की केवळ जागेअभावी जवळ आली आहेत, हे त्याला कळेनासे होते. म्हणून दोन अक्षरांच्या मधे, ओळीच्या खालच्या अंगाला एक लहानशी कमान देण्याची रीत उपयोगाची ठरते : मा-रे‿आ-पेर-तो.

ही कमान दिसायला सुरांवर दिल्या जाणाऱ्या 'स्लर'च्या कमानीची धाकटी बहीण वाटते, पण दोघींचे काम नेमके उलटे आहे. सुरांवरची कमान बहुधा सांगते की अक्षर एकच आहे, सूर अनेक आहेत. शब्दांमधली कमान सांगते की अक्षरे अनेक आहेत, सूर एकच आहे. ती याहून अधिक काही सांगत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. सूर लहान असेल तर दोन्ही स्वर झटकन येऊन जातात. पण सूर चार मात्रांचा असेल तर त्यातला लांबवायचा कोणता, पहिला की दुसरा? सामान्यतः आघात ज्या स्वरावर असेल किंवा जो शब्द अधिक वजनाचा असेल, त्याला जास्त वेळ दिला जातो. 'मारे आपेर्तो'मध्ये आघात 'पेर'वर असल्याने दोन्हींपैकी कोणताच स्वर हक्क सांगू शकत नाही आणि निवाडा गायकाच्या किंवा त्याच्या गुरूच्या कानावर राहतो. काही संपादक अशा वेळी तो लांब सूर दोन तुकड्यांत लिहून ते बांधून देतात आणि प्रत्येकाखाली एकेक स्वर ठेवतात. उपाय चांगला आहे, मात्र त्यामुळे संगीतकाराने जे खुले ठेवले होते, ते संपादकाने बंद केले असे होते. हा उपाय जितका क्वचित वापरावा तितका बरा.

मराठी वाचकाला या कमानीत अनोळखी असे काही नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलेखनपद्धतीत अनेक सूर एकाच मात्रेत घ्यायचे असतील, तर त्यांच्याखाली अशीच अर्धचंद्राकृती खूण असते आणि सुरांच्या वर दिलेली कमान मींड दाखवते. त्याहून मौजेची गोष्ट अवग्रहाची. संस्कृतात 'कोऽपि' लिहिताना अवग्रह सांगतो की येथे एक 'अ' लोपला आहे. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'त बंदिशीच्या शब्दांमध्ये येणारा तोच अवग्रह सांगतो की मागचे अक्षर अजून चालू आहे, ते लांबवा. एका ठिकाणी स्वर गेल्याची खूण आणि दुसऱ्या ठिकाणी स्वर राहिल्याची! वाचणारा जाणकार असतो म्हणून गोंधळ होत नाही. संगणकाकडे असा संदर्भ नसतो. त्याला प्रत्येक चिन्हाचा एकच अर्थ लागतो.

आता त्या संगणकाकडे वळू. पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या बहुतेक प्रणालींत गीताचे शब्द भरण्याची रीत सारखीच आहे. एका सुराखाली अक्षर टंकित करायचे. शब्द संपला नसेल तर आडवी रेघ आणि संपला असेल तर मोकळी जागा द्यायची. दोन्ही कळांचा परिणाम एकच होतो : खूणचिठ्ठी पुढच्या सुराखाली उडी मारते. म्हणजे मोकळी जागा हे येथे केवळ शब्दांमधले अंतर नसून 'पुढच्या सुरावर चला' ही आज्ञा आहे. सिनालेफेत नेमकी मोकळी जागा हवी असते आणि आज्ञा नको असते. पेच इथे आहे.

या पेचातून लोक नाना वाटांनी सुटतात. कोणी दोन्ही अक्षरे जोडून 'रेआ' असे एकच लिहितो, त्यामुळे शब्दांची सीमा पुसली जाते आणि भाषा न जाणणाऱ्याला तिसराच शब्द दिसतो. कोणी न तुटणारी मोकळी जागा देणारी वेगळी कळ वापरतो, त्यात सीमा राहते पण जोड दिसत नाही. कोणी चित्रकामाच्या साधनाने एक बारीक कमान हाताने काढून योग्य ठिकाणी नेऊन ठेवतो. ती त्या दिवशी सुंदर दिसते. पुढे पानाची रुंदी बदलली, एखादे माप वरच्या ओळीत गेले की शब्द आपल्या सुराबरोबर जातात आणि बिचारी कमान जिथल्या तिथे अधांतरी राहते.

'लिलीपाँड' ही मुक्त प्रणाली या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोघा डच संगीतप्रेमींनी १९९६ साली तिच्यावर काम सुरू केले. जुन्या हाताने कोरलेल्या पानांसारखे देखणे पान संगणकाने आपोआप रचावे, ही त्यांची इच्छा. लिलीपाँडमध्ये पडद्यावर सूर उचलून ठेवायचे नसतात. सूर आणि शब्द दोन्ही साध्या मजकुराच्या रूपात लिहून प्रणालीकडे सोपवायचे आणि तिने पान रचून द्यायचे. त्यात आपले उदाहरण असे लिहिले जाईल : मा -- रे~आ -- पेर -- तो. दोन आडव्या रेघा अक्षरे तोडतात, लहरीसारखे चिन्ह अक्षरे जोडते. लहरीऐवजी खालची रेघ दिली, तर दोन अक्षरांत नुसती मोकळी जागा राहते, कमान येत नाही. म्हणजे जुन्या इटालियन आवृत्तीसारखे पान हवे की परक्या गायकाला मदत करणारे, हे एका कळीने ठरवता येते. महत्त्वाचे हे की कमान हे येथे चित्र नाही, ते मजकुराचे अंग आहे. माप सरकले तर तीही सरकते.

तरीही अडथळे संपले असे नव्हे. या कमानीला युनिकोडमध्ये १९९३पासून स्वतःचे स्थान आहे. तिचे तिथले नाव 'खालची गाठ' अशा अर्थाचे असून ग्रीक लेखनातील 'एनोतिकॉन' या जोडचिन्हाशी ती एकच मानली जाते. पण युनिकोडमध्ये क्रमांक असणे आणि हाताशी असलेल्या फाँटात ते रूप असणे, यांत बरेच अंतर असते. ज्यांनी युनिकोड रुळण्यापूर्वी आणि रुळतानाही मराठी संकेतस्थळांवर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही. लिलीपाँडच्या जुन्या मार्गदर्शिकेत तर हे चिन्ह असलेला 'देजाव्यू'सारखा फाँट बसवून घ्यावा, अशी सूचनाच होती. नंतर ही कमान प्रणालीच्या स्वतःच्या संगीतचिन्हांच्या फाँटातून येऊ लागली आणि तो उपद्रव टळला.

दुसरा अडथळा रुंदीचा. छापील पानावर सुरांमधले अंतर सुरांच्या कालमानावर ठरते, पण खालचे शब्द रुंद असले की सुरांना सरकून जागा करून द्यावी लागते. जलद सुरांच्या एका झुपक्यात दोनदा सिनालेफे आले आणि प्रत्येक कमान एका अक्षराएवढी जागा अडवू लागली, तर झुपका फाकतो आणि गायकाच्या डोळ्याला ती लय मंद वाटू लागते. म्हणून कसबी स्वरलेखक कमान अक्षरांच्या पायाशी अशी सरकवतात की दोन्ही अक्षरांची टोके तिच्यावर थोडी झुकलेली असावीत. स्टाइनबर्ग कंपनीच्या डॅनियल स्प्रेडबरी यांच्या पुढाकाराने २०१३ साली संगीतचिन्हांच्या फाँटांसाठी 'स्मूफल' हे प्रमाणीकरण जाहीर झाले. त्यात या एवढ्याशा कमानीला अरुंद, मध्यम आणि रुंद अशी तीन रूपे दिलेली आहेत. बाहेरच्याला हा काथ्याकूट वाटेल, पण रोज पाने रचणाऱ्याला तिन्ही लागतात.

येथवर जे आले, ते दिसण्याबद्दल. खरा कस लागतो तो एका प्रणालीत लिहिलेले पान दुसरीत नेताना. यासाठी मायकेल गुड यांनी तयार केलेले 'म्युझिक-एक्सएमएल' हे विनिमयाचे रूप २००४ साली पहिल्या आवृत्तीने प्रसिद्ध झाले आणि आज बहुतेक सर्व प्रणाली ते जाणतात. त्यात प्रत्येक सुराखालच्या अक्षराची नोंद असते : हे अक्षर शब्दाच्या आरंभीचे, मधले, शेवटचे की सबंध शब्दच आहे. सिनालेफेसाठी तिथे स्वतंत्र नोंद आहे. एकाच सुराच्या खात्यात आधी 'शब्दाचे शेवटचे अक्षर : रे', मग जोडाची नोंद, मग 'शब्दाचे पहिले अक्षर : आ' असे तीन तपशील क्रमाने जातात. जोड कोणत्या चिन्हाने दाखवायचा, म्हणजे कमान, खालची रेघ की न तुटणारी मोकळी जागा, हेही त्या नोंदीत लिहिता येते. चिन्ह कोणतेही असो, तथ्य तेच राहते : सूर एक, अक्षरे दोन, शब्द दोन. दान्तेचा छंद आणि गायकाची जीभ यांना ठाऊक असलेली गोष्ट अशा रीतीने प्रथमच यंत्राला समजेल अशा भाषेत उतरते.

हाताने काढलेल्या कमानीला या नोंदवहीत जागा नसते. 'रेआ' असे जोडून लिहिले असेल तर ते एक अक्षर म्हणून जाते आणि 'आपेर्तो' या शब्दाचे डोके कापले जाते. शब्द शोधणाऱ्याला तो सापडत नाही, आणि अशाच फायलींवरून दृष्टिहीन गायकांसाठी ब्रेल स्वरलिपी तयार केली जाते, तिथे तर चुकीचा शब्दच बोटाखाली येतो. डोळस गायक अंदाजाने सावरून घेऊ शकतो. ब्रेल वाचणाऱ्याला पानाच्या रचनेचा तो आधार नसतो.

ऑगस्ट २०२४मध्ये हा प्रश्न एकदम हजारो लोकांच्या दारात येऊन उभा राहिला. १९८८ साली बाजारात आलेल्या 'फिनाले' या प्रणालीचा पुढील विकास थांबवत असल्याचे तिच्या निर्मात्या कंपनीने जाहीर केले. साडेतीन दशके जगभरच्या प्रकाशकांनी, चर्चमधील गायकवृंदांनी, शाळांनी आणि संगीतकारांनी त्या प्रणालीत लिहिलेली पाने आता दुसरीकडे हलवणे भाग झाले, आणि हलवण्याचा राजमार्ग म्हणजे म्युझिक-एक्सएमएलच. सूर, ताल, मापे यांचा प्रवास बऱ्यापैकी सुखरूप होतो. शब्दांच्या बाबतीत मात्र मूळ लेखकाने त्या काळी काय केले होते, त्यावर सगळे अवलंबून राहते. एखाद्या खास फाँटातले कमानीसारखे दिसणारे चिन्ह वापरून वेळ मारून नेली असेल, तर नव्या घरी तो फाँट नसल्यामुळे कमानीच्या जागी भलतेच अक्षर उमटू शकते.

मराठीत पाश्चात्त्य लिपीने गीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्न थोड्या उलट्या अंगाने भेटतो. 'करतो' या शब्दात लिहिलेली अक्षरे तीन, पण बोलताना मधला अ गळून 'कर-तो' अशी दोनच उरतात. गाताना संगीतकार कधी दोन सूर देतो, कधी तो गळालेला अ पुन्हा जिवंत करून तीन. देवनागरी लिपी याबाबत मौन पाळते. इटालियन लेखनात संधी दिसत नाही, तर मराठी लेखनात लोप दिसत नाही. लिलीपाँडसारख्या प्रणाली देवनागरी जोडाक्षरे नीट रचतात, त्यामुळे दोन सुरांसाठी 'कर -- तो' आणि तीन सुरांसाठी 'क -- र -- तो' असे स्पष्ट लिहिता येते आणि मराठी न जाणणाऱ्या गायकालाही फरक कळतो. येथे कमानीची गरज नाही. आडवी रेघ कुठे द्यायची एवढेच जाणून घ्यावे लागते, आणि ते पुन्हा मूळ चालीतले सूर मोजूनच कळते.

जुनी फाइल नव्या प्रणालीत उघडणाऱ्याने सुरुवात पानाच्या वरून न करता प्रत्येक ओळीच्या शेवटून करावी. चालीचा शेवटचा सूर आणि ओळीचे शेवटचे अक्षर एकमेकांखाली असतील, तर मधली जोडणी बहुधा ठीक असते. नसतील, तर शेवटाकडून मागे येत पहिले चुकलेले अक्षर गाठायचे. दहापैकी नऊ वेळा त्याच्या आधी शब्दाच्या शेवटी एक स्वर असतो, पुढच्या शब्दाच्या आरंभी दुसरा, आणि त्यांच्यामध्ये एक रिकामी जागा.